डाव्या कोपऱ्यातला हेर

"हल्ली या घरात चहासुद्धा जपूनच प्यावा लागतो," आमचे हे दबक्या आवाजात कुरकुरले.

हे वाक्य पडद्यापलीकडून आलं. अलीकडे मी उभी होते, हातात ट्रे आणि ट्रेमध्ये तोच चहा. पडदा पातळ आहे. मी जाड घेऊ म्हणत होते, तेव्हा "घरातल्या घरात काय लपवायचंय आपल्याला?" म्हणून यांनीच मोडता घातला होता.

"चहाचं सोडा," वरच्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेब म्हणाले. बँकेतून निवृत्त झाले, पण आवाज अजून केबिनमधलाच आहे. "वहिनींसमोर आता टीमचा एक शब्द नको. निदान फायनल होईपर्यंत तरी."

मी खोकले आणि आत गेले. हे, मॅनेजरसाहेब आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले औषधवाले, तिघांनी एकदम हवामानाचा विषय काढला. लेक कॉलेजात जाण्याइतका जुना संसार झाल्यावर नवऱ्याने बायकोसमोर ऊन फार आहे वगैरे बोलायला लागावं, यापरता अपमान नाही. भांडला असता तर परवडलं असतं.

आता मी, जिची स्वतःची मुलगी टीमची गोलकीपर आहे ती मी, शत्रूची हेर कशी ठरले, हे सांगायला हवं. दोष द्यायचा तर सुरुवात माझ्याकडूनच झाली. मी कामाला लागले की असं होतं.

आमच्या लेकीच्या कॉलेजात मुलींच्या फुटबॉलच्या मॅचेस असतात. त्यांची वेळ कधी ठरते आणि कधी बदलते हे फक्त जिमखान्याच्या फळ्याला माहीत असतं. एकदा आम्ही सगळे थर्मास, टोप्या आणि मॅनेजरसाहेबांची बसायची उशी घेऊन मैदानावर पोचलो, तर तिथे एक माणूस शांतपणे पांढऱ्या रेघा पुसत होता. मॅच सकाळीच झाली होती. तेव्हा मी म्हटलं, फोनवर एक गट करू. त्यात फक्त वेळ आणि मैदान कळवायचं, बाकी काही नाही. नावही तेच ठेवलं, "फक्त वेळ आणि मैदान".

पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी त्यात जो मजकूर टाकला, तो वाचताना माझं कुकरकडे लक्ष राहिलं नाही. कोच एकाच वेळी फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही कसे शिकवतो, यावर त्यात साधार संशय होता. औषधवाल्यांनी उत्तर दिलं की कोचचं सोडा, मैदानाला मारायच्या पाण्याचं काय होतं ते आधी विचारा. मग कुणाच्या तरी मामांनी विषय काढला की नदीपलीकडचं कॉलेज चांगल्या खेळाडू मुलींना फुकट होस्टेल देऊन पळवतं. कुणाच्या तरी भावाने कळवलं की त्यांची सेंटर फॉरवर्ड तीन वर्षांच्या कोर्सला पाचव्या वर्षी बसली आहे. ती नक्की काय शिकते आहे हे शोधायला मग एक उपसमिती नेमली गेली. परीक्षांच्या तारखा मुद्दाम सेमीफायनलला लावल्या जातात, रेफरीची मेव्हणी कुठे नोकरी करते, जर्सीचा रंग कुणी आणि का बदलला, सगळं आलं. वेळ आणि मैदान सोडून सगळं.

मी स्वतः कॉलेजची पायरी विद्यार्थिनी म्हणून कधी चढले नाही. ऑफसाइड काय असतं हे मी भाजी निवडता निवडता फोनवर बघून शिकले. मेथीच्या चार जुड्या लागल्या, पण शिकले. यांचं तसं नाही. हे याच कॉलेजचे जुने गोलकीपर. खेळले एकच सीझन, पण त्या सीझनमध्ये अडवलेल्या गोलांची संख्या दरवर्षी वाढते. लेकीने हातमोजे घातले त्या दिवशी यांनी घरभर पेढे वाटल्यासारखा चेहरा केला.

आणि लेक खेळायचीही तशीच. गेल्या सीझनपर्यंत चेंडू तिच्याकडे आला की आम्ही बिस्किटं खात असू, इतके निर्धास्त. मग गेल्या सीझनची सेमीफायनल आली. चेंडू डाव्या कोपऱ्यात चालला होता, ती त्याच्यामागे झेपावली, आणि लोखंडी खांबावर खांदा असा आपटला की तो आवाज मला स्टँडमध्ये ऐकू आला. हे कुंपण ओलांडून मैदानात धावले. एरवी जिना चढताना दोनदा थांबतात.

हाड जुळलं. डॉक्टरांनी हात गोल फिरवून दाखवायला लावला आणि म्हणाले, काही नाही, खेळा. ती परत खेळायला लागली. आणि या सीझनमध्ये आमच्यावर झालेला प्रत्येक गोल डाव्या कोपऱ्यात झाला.

प्रत्येक. आमची सेंटर फॉरवर्ड दैवी म्हणून आम्ही चार-तीन, तीन-दोन असे ओढत ओढत वर चाललो होतो. पण चेंडू डावीकडे आला की लेक दोन पावलं त्या बाजूला टाकायची आणि मग, कसं सांगू, बस चुकलेल्या माणसासारखी उभी राहायची. ते अख्ख्या स्टँडला दिसायचं. स्टँडमधला प्रत्येक माणूस त्या वेळी बुटाची नाडी बांधायला वाकायचा.

कोच म्हणाले, "अंदाज चुकतोय." हे म्हणाले, "ऊन डोळ्यावर येतं." मैदानाच्या त्या बाजूला ऊन येतच नाही. बाकावर पहिल्या वर्षाची एक राखीव गोलकीपर बसलेली असते, शिडीसारखी उंच. तिच्याकडे आमच्यापैकी कुणी बघत नसे, जणू ती मुलगी नसून पंख्याचा स्टँड आहे. कारण बघितलं की बोलावं लागलं असतं, आणि बोललं की फायनलला गोलात कोण उभं राहणार हा प्रश्न आला असता. लेकीचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. फायनल रविवारी.

मी तरी काय वेगळं केलं? ती बॅग नेहमी उजव्या खांद्याला लावते, हे मला दिसत होतं. डावीकडच्या फळीवरचा डबा ती उलटी वळून उजव्या हाताने काढते, हे दिसत होतं. कितीतरी वेळा तोंडापर्यंत आलं. आणि दर वेळी मी काय विचारलं असेल? "दूध घेतेस का गं?" या सीझनमध्ये आमची मुलगी एखाद्या वासराइतकं दूध प्यायली असेल.

अशा वेळी मॅनेजरसाहेबांना हेर सापडला. म्हणजे हेर नाही, हेराची कल्पना.

"सगळे डावीकडेच का मारतात?" त्यांनी गटात विचारलं. "योगायोग? बँकेत मी असे योगायोग फार पाहिलेत. आपल्या टीमची माहिती कुणीतरी बाहेर पुरवतंय."

त्या दिवशी गटातल्या लोकांना केवढं हायसं वाटलं! कुणी अंगठे टाकले, कुणी डोळे मोठे केलेले चेहरे. यांनी तर मॅनेजरसाहेबांना वर जाऊन मिठीच मारली. हेर असेल तर बरंच आहे ना. हेराला पकडता येतं.

मग सगळा संशय जाऊन बसला मांजरावर. गटात लिंकवरून आलेला एक नंबर होता, नाव नाही, फोटोच्या जागी पाठ करून बसलेलं एक पिवळं मांजर. हा सभासद एक अक्षर लिहीत नसे. पण काहीही टाकलं की पहिल्या मिनिटात वाचून होई.

"वाचतं आणि बोलत नाही," औषधवाले म्हणाले, "याचा अर्थ काय?"

"सभ्य आहे," मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती माझ्यावरच्या संशयाची पहिली ठिणगी असावी.

मांजराला काढून टाकायचं नाही, असं ठरलं. त्याला खोटी माहिती पाजायची. योजना मॅनेजरसाहेबांची. गटात जाहीर करायचं की आपल्या गोलकीपरने महिनाभर फक्त डावीकडच्या उड्यांचा सराव केलाय, डाव्या बाजूला आता पोलादी भिंत आहे. हेर ते पोचवेल, समोरच्या मुली घाबरून उजवीकडे मारतील, आणि उजवीकडे तर आपली पोरगी वाघीण आहेच. यांनी तो मजकूर स्वतः लिहिला. लिहिताना यांचा चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, हे स्वतःच त्यावर विश्वास ठेवून बसले.

रात्री जेवताना लेकीने भात कालवत विचारलं, "बाबा, काय म्हणतोय तुमचा हेर?"

"आता बघच तू गंमत," हे म्हणाले.

"माझा डावीकडचा सराव कधी झाला?"

"ते धोरण आहे, बाळा. तुला नाही कळायचं."

"दूध घेतेस का गं?" मी म्हटलं.

ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि पान उचलून आत गेली. तिला तो मजकूर कुठून कळला, हा प्रश्न आमच्या घरातल्या तीनही अक्कलवान माणसांना तेव्हा पडला नाही. तिसरे मॅनेजरसाहेब. ते जेवायलाच होते.

पुढच्या मॅचला समोरच्या मुलींनी पोलादी भिंतीत तीन गोल मारले. तिन्ही डावीकडे. आम्ही चार केले म्हणून फायनलला पोचलो, पण स्टँडमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. नाड्या बांधण्यात सगळे गर्क होते.

त्यातच जिमखान्याकडून बोलावणं आलं. नदीपलीकडच्या कॉलेजने तक्रार केली होती की आमच्या गटात त्यांच्या सेंटर फॉरवर्डच्या शिक्षणाविषयी अनुचित चर्चा चालते. गटाच्या ॲडमिनने समक्ष हजर व्हावं. गट माझा. चर्चा करणारे तिघेही त्या दिवशी नेमके कामात होते. निवृत्त माणसाला काय काम असतं ते मला अजून समजलेलं नाही.

जिमखान्याच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी की माजी विद्यार्थी?"

"आई," मी म्हटलं.

"तसा रकाना नाही."

"मग काय करायचं?"

"'इतर'मध्ये टाकतो. कुणाची आई?"

"गोलकीपरची."

त्याने पेन खाली ठेवलं. उठून मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते आपण सांत्वनाला गेल्यावर आणतो तसलं काहीतरी होतं.

"बरा आहे ना खांदा आता?" त्याने हळूच विचारलं.

"बरा आहे."

"हां. खांदा बरा असणारच." त्याने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "नाही, म्हणजे... हेर सापडला का हो?"

हाही गटात होता. तक्रारीचं काय झालं ते राहूनच गेलं. मी "यापुढे फक्त वेळ आणि मैदान" असं लिहून सही केली, त्याने तीन ठिकाणी शिक्के मारले आणि दारापर्यंत सोडायला आला.

घरी आले तर माझ्यावर खटला तयार होता. मॅनेजरसाहेबांचा तर्क असा की पोलादी भिंत खोटी आहे हे फक्त चौघांना माहीत होतं. ते स्वतः, हे, औषधवाले आणि चहा देताना ऐकणारी मी. आता या चौघांत नदीपलीकडे नातेवाईक कुणाचे? माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी त्या कॉलेजात शिकते. शिवाय बहिणीचा मला रोज दुपारी फोन येतो. शिवाय तो आला की मी बाल्कनीत जाते. बाल्कनीत मी जाते कारण घरात आवाज नीट येत नाही, आणि आम्ही दोघी तिच्या सासूविषयी बोलतो. पण हे पुराव्यादाखल सांगायची सोय होती का?

तर असा तो हवामानाचा चहा. मी ट्रे ठेवला आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

"बोला," मी म्हटलं. "मी पोटच्या पोरीवर गोल करवून घेते, असंच ना तुमचं म्हणणं?"

"वहिनी, असं कोण म्हणतंय!" मॅनेजरसाहेब म्हणाले. "आम्ही फक्त शक्यता तपासतोय."

"मग औषधवाल्यांची पण तपासा. नदीपलीकडच्या कॉलेजची अख्खी टीम मुरगळण्याचं मलम त्यांच्याकडून नेते."

औषधवाल्यांचा घोट अडकला. "अहो, धंदा आहे तो! आणि मॅनेजरसाहेब रोज सकाळी कुणाबरोबर फिरायला जातात? त्यांच्या कोचच्या सासऱ्यांबरोबर!"

"आम्ही फक्त गुडघ्यांविषयी बोलतो!" मॅनेजरसाहेब कडाडले.

"कुणाच्या गुडघ्यांविषयी?" यांनी बारीक डोळे करून विचारलं.

असा पाच-दहा मिनिटं प्रत्येकाने प्रत्येकावर संशय घेतला. औषधवाल्यांनी यांनाही सोडलं नाही. म्हणाले, बापाचा जुना विक्रम लेकीने मोडू नये असं काही बापांना वाटतं. त्यावर हे उभे राहिले. हे उभे राहतात तेव्हा काय करायचं ते त्यांचं ठरलेलं नसतं, त्यामुळे ते पुन्हा बसले. मला त्या क्षणी यांची फार कीव आली. यांच्या कपाटात अजून ते खांद्याला लावायचं मलम आहे, अर्धं संपलेलं. रोज संध्याकाळी हेच लेकीला लावून द्यायचे. गेले कित्येक महिने ते कुणी लावत नाही आणि कुणी टाकतही नाही.

शेवटी, घर फुटण्यापेक्षा मांजर गेलेलं बरं, यावर एकमत झालं. मांजर कुणाचंच नातेवाईक नव्हतं.

"ॲडमिन तुम्ही आहात, वहिनी," मॅनेजरसाहेब म्हणाले. "काढा त्याला. तुमच्या हाताने काढलंत की तुमच्यावरचाही डाग गेला."

मला त्या पाठमोऱ्या मांजराला काढावंसं वाटेना. इतक्या दिवसांत गटात मूर्खासारखं न बोललेलं ते एकटंच. पण तिघेही माझ्या फोनवर वाकले होते. मी नंबर शोधला, बोट ठेवलं. "या सभासदाला काढायचं का?" असं फोननेही एकदा विचारून घेतलं. मी हो म्हटलं.

आतल्या खोलीत काहीतरी पडलं. मग दार उघडलं आणि आमची लेक बाहेर आली. हातात तिचा जुना, काच तडकलेला फोन होता, जो बंद पडला म्हणून आपण कधीच विसरलो असं मला वाटत होतं.

"आई," ती म्हणाली, "मला काढलंस?"

 औषधवाल्यांनी बशी खाली ठेवली, तिचाही आवाज मोठा झाला.

"तू?" हे म्हणाले. "ते मांजर तू? अगं, मग आम्ही इतके दिवस... तुला जे हवं ते समोर येऊन विचारायचं की! असं दुसऱ्या नंबरवरून कशाला?"

"नव्या फोनबरोबर फुकट आलेलं सिमकार्ड आहे. मला विचारायचं नव्हतं काही. वाचायचं होतं."

"काय वाचायचं होतं?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं. केबिनमधला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उजव्या बाजूने.

"पहिल्या मॅचनंतर वाटलं, आज कुणीतरी लिहील. मग दुसऱ्या मॅचनंतर वाटलं. काका, तुम्ही सगळ्यांनी कोचविषयी लिहिलंत, पाण्याविषयी लिहिलंत, त्या सेंटर फॉरवर्डच्या मार्कलिस्टविषयी लिहिलंत. बाबांनी उन्हाविषयी लिहिलं. मी एकेक ओळ वाचायचे. शिव्या दिल्या असत्या ना कुणी, तरी चाललं असतं." तिने फोन उलटा केला. "सरांना जाऊन मला स्वतःला सांगता येईना. मला वाटलं, कुणी दुसऱ्याने लिहिलं की मग मी फक्त हो म्हणेन. तर तुम्ही हेर शोधत बसलात."

मी उठले. माझ्या तोंडात ते दुधाचं वाक्य आलं होतं, अगदी जिभेवर. मी ते गिळलं.

औषधवाले बुटाच्या नाडीकडे वाकले. त्यांच्या पायात चपला होत्या.

हे टीपॉयकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि लेकीकडे बघितलं. सीझनभरात पहिल्यांदाच नीट, डाव्या खांद्याकडे.

"बाळा," हे म्हणाले, "तुला डावीकडे पडायची भीती वाटते."

"हो," ती म्हणाली.